तलावाच्या पाळीवरच्या पक्षी-फेऱ्या: दोन हिवाळ्यांचा हिशेब

मी राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. साकोलीकडचा माणूस, वय ४६, डोळ्यांना जाड चष्मा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला पाण्यावरचं प्रत्येक पाखरू 'बदक' होतं आणि काठावरचं प्रत्येक 'बगळा'. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागातल्या पक्षीमित्रांच्या गटाच्या पत्रकावर 'नवख्यांपासून जाणकारांपर्यंत सर्वांसाठी' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, आणि त्यातला नवखा तो मीच. दोन हिवाळ्यांत नऊ फेऱ्या केल्या, पाच भाषणं ऐकली. फेरीला माणशी ३० रुपये, त्यात चहा-पोहे. भाषण फुकट. फेऱ्यांना माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. भाषणांचं मात्र वेगळं सांगावं लागेल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातून दोन रविवार, सकाळी सहाला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमायचं. त्या वेळेला एसटी नसते, म्हणजे स्वतःची गाडी पाहिजे नाहीतर कोणाच्या तरी मागे बसायचं. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास वर येतो, तोवर कानटोपी घालून अंधारात उभं राहायचं आणि धुक्यातून नुसते आवाज ऐकायचे. पहिल्या दिवशी वाटलं, हे काही आपलं काम नाही. घरी गोधडी सोडून आलो ते काय पाण्यावरची वाफ बघायला?

गट चालवणारे गुरुजी शाळेत शिकवतात, पण पाळीवर शिकवल्यासारखं बोलत नाहीत. त्यांचा एक नियम आहे: पहिला अर्धा तास कोणत्याच पाखराचं नाव विचारायचं नाही. नुसतं सांगायचं, कुठे आहे आणि काय करतंय. पाय रोवून उभं आहे की तरंगतंय? तरंगत असेल तर सगळंच्या सगळं पाण्यात बुडी मारतं, की डोकं खाली घालून ढुंगण वर करतं? मला हसू आलं होतं. पण अर्ध्या तासात माझ्या 'बदकां'चे आपोआप दोन ढीग झाले. ढुंगण वर करणारी तलवार बदकं उथळ पाण्यात, काठाच्या बाजूला. बुडी मारणारी लालसरी मधल्या खोल पाण्यात. मग गुरुजी म्हणाले, आता विचारा नावं. तोवर नाव हे नुसतं चिकटवायचं लेबल उरलं होतं. काळ्या अंगाचा, कपाळाला पांढरा टिळा लावलेला पक्षी दिसला आणि त्याला 'वारकरी' म्हणतात असं कळलं, तेव्हा तर नाव पाठ करायचीही गरज पडली नाही.

आपल्याकडे हे बघायला दूर जावं लागत नाही, ही या फेऱ्यांची मोठी सोय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जुने मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या (मालगुजारांच्या) ताब्यातले, तलाव हजारोंनी आहेत. धानाला पाणी मिळावं म्हणून कोहळी लोकांनी बांधलेले. सरकारी कागदावर ते 'माजी मालगुजारी' झाले आणि त्याचंच पुढे 'मामा तलाव' झालं. नवेगावबांधचा मोठा तलाव सगळ्यांना माहीत असतो, तो कोलू पाटलांनी बांधला म्हणतात. आमच्या नऊपैकी एकच फेरी तिकडे गेली, बाकी आठ अशा तलावांवर झाल्या जिथून मी रोज मिलला जातो. एका तलावाच्या सांडव्याजवळ मी बारा वर्षं चहा पितो आहे. तिथे कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी असतो, आणि त्यांच्यात अंडी उबवायचं नि पिल्लं सांभाळायचं काम नराकडे असतं, हे बारा वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पाहून ठेवा, कामात येईल."

आता तक्रारी. गटाकडे चार दुर्बिणी आहेत आणि माणसं असतात वीस-बावीस. त्या ८ बाय ४२ च्या आहेत, म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. नवख्याला हे माप बरं, कारण याहून जास्त पटीची हातात धरली की चित्र थरथरतं. पण पहिल्या दोन फेऱ्यांत मला दुर्बिणीतून काय दिसलं? काळं वर्तुळ आणि मधे रुपयाएवढा उजेड. सगळे "अहाहा" करत होते, मीही केलं. तिसऱ्या फेरीला एका कॉलेजच्या मुलीने सांगितलं, काका, चष्मा आहे ना, मग डोळ्याजवळची ही रबरी कडी आत फिरवा. फिरवली, आणि अख्खा तलाव उघडला. मग तिने डावा-उजवा डोळा जुळवायलाही शिकवलं: उजवा झाकून मधल्या चाकाने डाव्याचं नीट करायचं, मग डावा झाकून उजव्या बाजूच्या छोट्या कडीने उजव्याचं. दोन मिनिटांचं काम. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायला काय हरकत आहे? 'सर्वांसाठी' म्हणता, तर त्या सर्वांत निम्मे चष्मेवाले आहेत. आणि चारपैकी निळ्या पट्ट्याची जी दुर्बीण आहे, ती कधीतरी पडली असावी. तिच्यात एकाची दोन पाखरं दिसतात. दोन वर्षं सांगतो आहे, ती अजून फिरतेच आहे.

दुसरी तक्रार बायकांच्या बाजूची. पहाटे सहा ही वेळच मुळी ज्यांना घरी पाणी भरायचं नाही त्यांनी ठरवलेली. आणि पाळीवर संडासाची सोय नाही. माझी पोरगी सातवीत आहे, दोन फेऱ्या आली, नंतर नको म्हणाली. कारण तिने मला नाही, तिच्या आईला सांगितलं. गटाला मी हे बोललो, तेव्हा आधी शांतता झाली. पण या हिवाळ्यात त्यांनी एक फेरी दुपारी चारची ठेवली, गावाला लागूनच्या तलावावर, आणि शाळेची किल्ली मागून घेतली. त्या दिवशी अकरा बायका आल्या. माझी आईही आली. तिला दुर्बीण काही जमली नाही. दगडावर बसून ती टिटवीकडे बघत राहिली आणि यंदा टिटवीने अंडी धुऱ्यावर (शेताच्या उंच कडेवर) घातली की खाली बांधीत (धानाच्या खाचरात), हे तिने गुरुजींना विचारलं. धुऱ्यावर घातली तर पाऊस जास्त, असं आमच्यात मानतात. गुरुजींनी हसण्यावारी नेलं नाही, जागा वहीत लिहून घेतली. मला ते आवडलं.

आता माझ्या विषयावर येतो, मोजणीवर. आमच्या मिलमध्ये धानाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी लागते. हमाल सांगतात एक आकडा, मालक धरतो दुसरा, आणि खरा काढायचा मी. थर मोजायचे, एका थरातले कट्टे मोजायचे, आणि वरचा अर्धवट थर वेगळा धरायचा. तिथेच लोक चुकतात. गेल्या वर्षी जानेवारीत तलावावर अडई उतरल्या होत्या. तपकिरी, मध्यम बदकं, शिट्टी मारल्यासारखं ओरडतात आणि दाटीने बसतात. गुरुजींनी पद्धत सांगितली: आधी दहा पाखरं मोजा, ती किती जागा व्यापतात ते डोळ्यात ठेवा, आणि तेवढा ठोकळा पूर्ण थव्यावर फिरवत न्या. जे जुने मेंबर होते त्यांनी थव्याच्या मधल्या दाट भागावर ठोकळा बसवला आणि तोच कडेपर्यंत नेला. मधे दाट, कडेला विरळ. एकाच मापाने गेलं की आकडा फुगणारच. ते म्हणाले सहाशे. मी कड वेगळी धरली, मधला भाग वेगळा. माझे झाले ३४०. कोणी काही बोललं नाही, पण बघितलं असं, की हा कट्टे मोजणारा आला मोठा.

तेवढ्यात घार आली आणि थवा उठला. एका पोराने कॅमेऱ्यात सगळा थवा दोन फोटोंत पकडला. संध्याकाळी गुरुजींनी संगणकावर एकेका पाखरावर ठिपका देत मोजले. ३५२. रात्री साडेनऊला मला फोन करून सांगितलं, आणि ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या जगभरच्या संकेतस्थळावरही ३५२ च टाकले. ही माझ्या आयुष्यातली पहिली शास्त्रीय कामगिरी, त्यामुळे थोडं लांबवून सांगितलं, माफ करा. तेव्हापासून मोजणीची वही माझ्याकडे असते. फेब्रुवारीत चार दिवसांची जी जगभरची पक्षीगणना होते, तीही आम्ही केली. त्यात पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून मोजलं तरी चालतं. मी मिलच्या आवारात मोजलं. चिमण्या, होले, कबुतरं, आणि धान खायला आलेल्या मैना.

भाषणांबद्दल. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस, म्हणून या दोन तारखांच्या मधला आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. गटाची भाषणं त्या आठवड्यात तालुक्याच्या हॉलमध्ये होतात. पहिल्या भाषणाला स्वागत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ यात चाळीस मिनिटं गेली, बोलणाऱ्याला पंचवीस मिळाली. दुसरं स्थलांतरावर होतं, शहरातून आलेले पाहुणे, पडद्यावर साठ-सत्तर चित्रं, प्रत्येकाखाली इंग्रजी आणि लॅटिन नावं. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो एवढंच माझ्या हाती लागलं. डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून ते नाव. मागच्या रांगेतली शाळेची पोरं झोपली होती, त्यांना दोष देत नाही. तिसरं आठवत नाही, म्हणजे काय ते समजा.

चौथं मात्र असं झालं की अजून डोळ्यासमोर आहे. गोंदियाकडचे एक शेतकरी आले होते, ज्यांच्या बांधीत सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. सुरुवातीलाच लाइट गेली. पडदा, प्रोजेक्टर, माईक सगळं बंद. ते स्टेजवरून खाली उतरले आणि मोबाइलच्या उजेडात बोलायला लागले. "का सांगू बाप्पा, रोवणा झाला, पानी भरलं, अन् थे दोघं येऊन उभे. माह्या पोट्ट्याच्या वरी उंच." सारस उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच, सहा फुटांच्या जवळ जातो, हे पुस्तकात असतं. पण भर पावसाळ्यात उभ्या धानात, गवत उपटून-उपटून तो ढीग रचतो तेव्हा नेमकं किती धान बसतं, नर-मादी आळीपाळीने कसे बसतात, महिनाभर त्या बाजूला निंदायला बाई लावता येत नाही तेव्हा घरात काय बोललं जातं, हे तोच सांगू शकतो ज्याची बांधी आहे. दोन अंडी, त्यातून एक पिल्लू मोठं झालं. विजेच्या तारांची भीती त्यांनी सांगितली, कारण एवढ्या मोठ्या पंखाच्या पक्ष्याला तार टळत नाही. प्रश्नोत्तरं तासभर चालली. मधेच लाइट आली, कोणीतरी ओरडलं, "राहू द्या बंद!"

आणि पाचवं, या वर्षीचं. गटाचाच वार्षिक आढावा. पडद्यावर तलावाचा फोटो, त्यावर लिहिलेलं: अडई ६००+. मी उठलो. म्हटलं, वहीत ३५२ आहेत, ई-बर्डवर ३५२ आहेत, मग इथे सहाशे कुठून आले? सांगणारे जुने मेंबर म्हणाले, "अंदाजे हो. लोकांना उत्साह वाटावा." मी म्हटलं, या जानेवारीत मी २९० मोजले. ३५२ धरले तर ६२ कमी, पाऊसपाण्याने तेवढं होऊ शकतं. सहाशे धरले तर एका वर्षात निम्म्याहून जास्त बदकं गेली, उद्या कोणी वर्तमानपत्रात छापेल. मिलमध्ये मी असा आकडा लिहिला तर मालक त्याच दिवशी माझा हिशेब करून घरी पाठवेल. हॉल जरा गप्प झाला. गुरुजी मागून म्हणाले, "वही बरोबर आहे." पडदा मात्र तसाच राहिला.

म्हणून माझं मत असं: फेरीला डोळे झाकून जा, म्हणजे दुर्बीण लावून जा. भाषणाला जायचं असेल तर बोलणारा कोण आहे ते विचारा. शेतकरी, ढीवर (मासेमार), वनरक्षक असेल तर जरूर. फोटोवाल्यांचा एक घोळका असतो, तो काठाकडे फार जवळ सरकतो. गुरुजी रागावतात, पण दर वेळी नवे असतात. पोरांनी मर्लिन ॲप घेऊन यायला हरकत नाही, ते आवाज ऐकून नाव सुचवतं. पाखरू डोळ्याने दिसेपर्यंत मी ते वहीत चढवत नाही, आणि त्यावरून पोरगी नि माझी अजून बाचाबाची चालते.

पुढची फेरी रविवारी, दुपारी चारची आहे, शाळेची किल्ली मिळालेली आहे. पांढरा शर्ट घालू नका. पोहे साडेपाचला येतात आणि पावणेसहाला संपतात. चष्मेवाल्यांनी रबरी कडी आत फिरवून घ्या. आणि निळ्या पट्ट्याची दुर्बीण हाती आली तर गुपचूप परत ठेवा. ते सहाशे बहुतेक तिच्यातूनच मोजले होते.