टीएमपीई: चौक सुटला, अडलेलं शहरही उघडलं

मी शिरोलीला राहते आणि कोल्हापुरात भूगोल शिकवते. रोज सकाळी पंचगंगेचा पूल ओलांडून तावडे हॉटेलपाशी वळायचं आणि कावळा नाक्यावरून गावात शिरायचं. महामार्गावरची वाहनं गावात उतरतात तिथे काय होतं, ते मी रोज बघते. त्यामुळे 'सिटीज: स्कायलाइन्स' या शहर वसवण्याच्या संगणकावरच्या खेळातल्या माझ्या शहरात पहिली कोंडी नेमकी तिथेच, महामार्गाच्या उतरणीवर झाली, तेव्हा तो चौक सोडवल्याशिवाय मला चैन पडेना.

हा खेळ २०१५ साली आला. फिनलंडमधल्या टांपेरे शहरातल्या कलोसल ऑर्डर या छोट्या कंपनीने तो केला. वाहतूक डाव्या बाजूने ठेवायची सोय त्यात आहे, म्हणून आपलं गाव आपल्यासारखं वाटतं. अडचण लेनची येते. खेळातलं वाहन निघतानाच आपला सगळा मार्ग ठरवतं, अगदी लेनसकट. पुढे ज्या वळणावर जायचं त्याची लेन ते फार आधीपासून धरतं, मग मोकळ्या दोन लेन शेजारी असल्या तरी ढुंकून बघत नाही. एका लेनमध्ये मैलभर रांग आणि बाजूला रिकामा रस्ता, हे चित्र हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

'ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन', म्हणजे टीएमपीई, हा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच खेळाला जोडलेली भर, त्यासाठी आहे. स्टीम या खेळांच्या दुकानाच्या वर्कशॉप विभागात फुकट मिळतो. तीन वर्षं वापरल्यावर मी त्याच्याबद्दल लिहिते आहे.

त्यातलं सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे लेन जोडणी. चौकावर क्लिक करायचं, येणाऱ्या लेनचा ठिपका धरायचा आणि ती पुढे कोणत्या लेनला मिळेल ते रेघ ओढून सांगायचं. माझ्या उतरणीवर तिसरी लेन सरळ पुलाकडे आणि पहिली फक्त बाजारपेठेकडे लावली. खेळातले एक-दोन दिवस जुन्या गाड्या अडखळल्या, मग रांग दोन्हीकडे वाटली गेली. चक्राकार चौकात आत फिरणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियमही या मॉडने लावता येतो. आपल्याकडे तो पाटीवर असतो, खेळात तो पाळलाही जातो, आणि तो पाळल्यावर चौक कसा वाहतो हे बघताना मला खरंच आनंद होतो.

वेळेचे सिग्नल शिकायला मला महिना लागला. सिग्नलच्या प्रत्येक टप्प्याला किमान आणि कमाल वेळ द्यायची. किमान वेळ संपली की चालती वाहनं किती, थांबलेली किती, याचं गणित मांडून सिग्नल पुढच्या टप्प्यावर जायचं का ते ठरवतो. कमाल वेळेपलीकडे मात्र थांबत नाही. दहावीच्या मुलांना नागरी वाहतूक शिकवताना मी हा टप्पा एकदा पडद्यावर दाखवला. एरवी मागच्या बाकावर झोपणारी दोन मुलं पुढे येऊन उभी राहिली.

एक इशारा देते. मूळ खेळ फार वेळ अडकलेली वाहनं गुपचूप गायब करतो, त्यामुळे कोंडी असते त्यापेक्षा कमी दिसते. टीएमपीईमध्ये हे बंद करता येतं. नव्या माणसाने ते लगेच बंद करू नये. मी केलं, आणि शववाहिका आणि कचऱ्याच्या गाड्या रांगेत अडकून अर्धं शहर आजारी पडलं. आधी चौक दुरुस्त करा, मग ती कळ दाबा. टीएमपीईमधला वाहनांच्या प्रगत वागण्याचा पर्याय चालू केला की प्रोसेसरवर भार पडतो, हेही खरं. आणि अरुंद रस्ता या मॉडने रुंद होत नाही.

पण हे परीक्षण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी.

खेळाचा एक अपडेट आला आणि माझं शहर उघडेना. पडद्यावरची शहर उघडतानाची पट्टी भरत यायची आणि तिथेच थांबायची. माझ्याकडे तेव्हा ४३ मॉड होते. संशय टीएमपीईवर, कारण तोच सगळ्यात मोठा. रागाच्या भरात मी तो सांभाळणाऱ्यांना लिहिलं, तुमच्या मॉडने माझं शहर घालवलं. तासाभरात उत्तर आलं. एका शब्दानेही दुखावलं नाही. खेळाची आवृत्ती कोणती, मॉडची यादी काय, खेळाचे कोणते जादा विस्तार घेतले आहेत, आणि लॉगची फाइल, म्हणजे खेळ चालताना होणारी नोंद, एवढंच मागितलं. ती फाइल कुठे सापडते तेही सांगितलं.

फाइल हजारो ओळींची होती. मी शेवटचं पान वाचत बसले होते. उत्तर देणाऱ्या माणसाने सांगितलं, शेवट बघू नका, पहिली चूक कुठे उमटली ती ओळ शोधा, पुढच्या शेकडो चुका तिच्या पिल्लावळीतल्या असतात. ती ओळ सापडली आणि तिच्यात नाव दुसऱ्याच मॉडचं निघालं. रस्त्यांचा एक जुना मॉड, बनवणाऱ्याने केव्हाच सोडून दिलेला, कोड (मॉडची मूळ संगणकी लिखावट) बंद, त्यामुळे दुसऱ्या कुणाला हातही लावता येत नव्हता. तो काढला, त्याच्या जागी चालणारा पर्याय त्यांनीच सुचवला, आणि रात्री साडेबाराला माझा पूल पडद्यावर आला. दोष ज्यांचा नव्हता त्यांनी माझ्यासाठी एक संध्याकाळ दिली होती. मी माफी मागितली आणि ती मनापासून मागितली.

तेव्हा मला या मॉडचं खरं बळ कळलं. टीएमपीईचा कोड खुला आहे, कुणालाही बघता-बदलता येतो. सुरुवातीच्या ट्रॅफिक मॅनेजरपासून तो कितीतरी हातांतून पुढे आला. एक थकला की दुसऱ्याने उचलला. बंद कोडचा तो रस्त्यांचा मॉड मालकाबरोबर संपला, हा टिकला. मॉड निवडताना मी आता चित्रं नंतर बघते. आधी बघते की शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि खेळाडूंच्या तक्रारींना कुणी उत्तर देतं का.

तक्रार लिहायचीही आता सवय लागली आहे. 'चालत नाही' एवढंच लिहून कुणाला काही करता येत नाही. काय केल्यावर बिघडतं ते क्रमाने लिहायचं, बाकीचे मॉड बंद करून पुन्हा बघायचं, लॉग आणि शहराची साठवलेली फाइल (सेव्ह) जोडायची. मॉड खूप असतील तर निम्मे बंद करा, मग उरलेल्यांचे निम्मे. ४३ मॉडमधला दोषी साधारण सहा फेऱ्यांत हाती लागतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याचं शहर असंच अडलं, तेव्हा आम्ही दोघांनी फोनवर याच रीतीने पाचव्या फेरीत मॉड पकडला. तो पुण्याला, मी इथे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या खेळाचा दुसरा भाग आला. त्याचे मॉड स्टीम वर्कशॉपवर नसून खेळाच्या प्रकाशकाच्या 'पॅराडॉक्स मॉड्स'वर मिळतात, आणि टीएमपीई तिथे तसाच चालत नाही. लेन जोडण्यासाठी 'ट्रॅफिक' नावाचा वेगळा मॉड आहे. मी अजून पहिल्याच भागात आहे. तुम्हीही असाल तर टीएमपीईची स्थिर आवृत्ती घ्या, चाचणीची नको. दोन्ही एकदम तर मुळीच नकोत. आणि अपडेट येईल त्या दिवशी शहराची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून मगच खेळ उघडा.