आठ दिव्यांचा केबल टेस्टर: दोन वर्षं आणि एक बळी

मी हिशेबाचं काम करते. नेटवर्किंगचं शिक्षण वगैरे काही नाही. पण आमच्या नऊ टेबलांच्या ऑफिसात एकदा मी प्रिंटरची केबल काढून परत लावली, प्रिंटर चालू झाला, आणि "यांना कॉम्प्युटरचं कळतं" असा शिक्का बसला तो बसलाच. नेट गेलं, मला हाक. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, मला हाक. शेवटी वैतागून एक केबल टेस्टर घेतला, बाजारात मिळतो त्यातला सगळ्यात साधा आणि स्वस्त. दोन वर्षं तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. म्हणजे आत्ताचा हा दुसरा. पहिल्याचा जीव माझ्याच हातून गेला, ते पुढे सांगते.

वस्तू अशी: तळहातावर मावणारा प्लास्टिकचा डबा, त्याचे दोन तुकडे. मोठ्या तुकड्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि बाजूला सरकवायचं बटण. छोटा तुकडा मोठ्याच्या अंगात सरकून बसतो, हवा तेव्हा वेगळा निघतो. दोन्हींवर १ ते ८ आणि शेवटी जी, अशी नऊ दिव्यांची रांग. केबलचं एक टोक मोठ्यात, दुसरं छोट्यात खोचायचं, बटण सरकवायचं, की दोन्हीकडचे दिवे एकेक करून पेटत जातात. माझ्या डब्यावर कंपनीचं नावसुद्धा नाही. हाच साचा निळ्या, काळ्या, राखाडी रंगांत वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे मी लिहितेय ते त्या सगळ्याच भावंडांना लागू धरा.

सोबत आलेल्या कागदावर माहिती जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी मी चांगल्या चार केबली खराब समजून बाजूला टाकल्या, कारण जीचा दिवा पेटत नव्हता. तो दिवा केबलवरच्या धातूच्या वेष्टणासाठी असतो. घरात आणि छोट्या ऑफिसात वापरतात त्या बहुतेक केबलींना वेष्टणच नसतं, मग पेटणार कुठून? दुसरी गोष्ट, डोळा ठेवायचा तो छोट्या तुकड्यावर. मोठ्यावरचे दिवे आपले १ पासून ८ पर्यंत क्रमानेच धावतात. छोट्यावर त्यातला एखादा पेटलाच नाही तर ती तार कुठेतरी तुटलीय. क्रम उलटासुलटा झाला तर प्लग लावताना तारांची अदलाबदल झालीय. ३, ६, १, ४, ५, २, ७, ८ असा नाच दिसला तर एका टोकाला टी५६८ए आणि दुसऱ्या टोकाला टी५६८बी पद्धतीने (प्लगमध्ये तारांच्या रंगांचे हे दोन ठरलेले क्रम) प्लग लावलाय. हल्लीची यंत्रं ती अदलाबदल आपापसांत सांभाळून घेतात, म्हणून अशी केबल चालतेही. कुणी लावली होती ते मात्र विचारू नये, कुणीच लावलेली नसते.

याने पहिला पैसा वसूल केला तो बिलिंगच्या टेबलावर. तिथल्या मॅडमची तक्रार जुनी: "माझंच मशीन रडतं." त्या म्हणायच्या नेट स्लो, मालक म्हणायचे कॉम्प्युटर जुना झाला, आणि कनेक्शन देणाऱ्यांनी तर दोनदा येऊन राउटर बदलला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "आमच्या बाजूने सगळं ओके आहे." त्यांचं बरोबर होतं, हे आज कबूल करते. त्या वेळी मी फोनवर बरंच बोलले होते.

कनेक्शन ३०० एमबीपीएसचं. माझ्या मशीनवर स्पीड टेस्ट तीनशेच्या जवळ जायची. मॅडमच्या मशीनवर सकाळी ९४, दुपारी ९४, सगळे घरी गेल्यावरही ९४. नेट खरंच स्लो असतं तेव्हा आकडा वरखाली होतो, इतका इमानदार राहत नाही. ९४-९५ वर टेस्ट येऊन थिजली की समजावं, कॉम्प्युटर आणि स्विच (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा) यांच्यामधला दुवाच १०० वर जुळलाय. १०० मधले पाच-सहा पाकिटांच्या वेष्टणात जातात, आपल्या हाती पडतात ते हेच. नेटवर्क अडॅप्टरचं स्टेटस उघडलं, तर स्पीडपुढे १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस.

आता कॉम्प्युटर नवा, स्विच गिगाबिटचा म्हणजे १ जीबीपीएसचा, मग १०० का? केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या. १०० च्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली, तरी बरीच यंत्रं कुरकुर न करता १०० वर उतरतात आणि चालत राहतात. काही यंत्रांना तेवढंही जमत नाही. त्यांचा दुवा जुळतो, तुटतो, परत जुळतो. मॅडमचं मशीन पहिल्या स्वभावाचं निघालं.

मी टेस्टर लावला आणि आठही दिवे छान पेटले! दोनदा. मालक माझ्याकडे बघतायत, मी डब्याकडे. मग टेस्टर चालूच ठेवून टेबलाखाली बसले आणि केबल वीतभर अंतराने हलवत प्लगपर्यंत आले. खुर्चीचं चाक जिथे रोज केबलला घासायचं, तिथे ती जरा वाकवली, आणि सातचा दिवा गेला. सोडली, आला. वाकवली, गेला. बटणाची हळू चाल इथे कामाला येते. जलद चालीत दिवे इतके भरभर पळतात की मधला एखादा गाळला तर डोळ्याला कळत नाही. प्लगपासून हातभर केबल कापली, नवा प्लग लावला. अडॅप्टरने १ जीबीपीएस दाखवलं तेव्हा मॅडमनी चक्क टाळी दिली.

कापलेला तुकडा मी सोलून पाहिला. तार बाहेरून तांब्याची, सुरीने खरवडली की आतून पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते वाकवलं-सरळ केलं, वाकवलं-सरळ केलं, की लवकर तुटतं. टेस्टर हे सांगत नाही. त्याला वीज आरपार गेली की झालं, धातू कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

याच्या पुढची गोष्ट माझ्या फजितीची आहे, पण या टेस्टरची खरी मर्यादा तिच्यातच आहे. प्लग लावायचा पक्कड घेतला, हात बसला, मग घरीही वरच्या खोलीपर्यंत केबल टाकली. रंगांचा क्रम डोक्यात कसा ठेवला होता? पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. किती नीटनेटकं! दोन्ही टोकांना अगदी तसंच. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने, एक चूक नाही. आणि प्रत्यक्षात मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वेग ढेपाळायचा, व्हिडिओ कॉल अडखळायचा, दुवा मध्येच तुटायचा. मी राउटर रिसेट केला, ड्रायव्हर बदलला, स्विचचं पोर्ट बदललं. आठ दिवस गेले.

चूक क्रमातच होती. टी५६८बी मध्ये पांढरा-नारिंगी आणि नारिंगीनंतर पांढरा-हिरवा, मग निळा, पांढरा-निळा, आणि त्यानंतर हिरवा येतो. हिरवी जोडी निळीला मध्ये घेऊन बसते, म्हणजे ३ आणि ६ या पिनांवर. यंत्र ३-६ ला एक जोडी समजतं. माझ्या केबलमध्ये ३ वर हिरव्या जोडीची तार आणि ६ वर निळ्या जोडीची. जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून जातात तेव्हाच बाहेरचा आणि शेजारचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि वजा होतो. इथे संकेत एका पिळातून जाणार आणि दुसऱ्याच पिळातून परतणार, मग शेजारणीचं बोलणं त्यात मिसळणारच. याला स्प्लिट पेअर म्हणतात. १ नंबरची तार पलीकडे १ लाच पोचतेय एवढंच टेस्टर बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी केबल पास. ही चूक पकडणारी महागडी यंत्रं असतात, केबल किती मीटरवर तुटलीय तेही सांगणारी. आपल्यासारख्यांनी प्लगच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंग वाचावेत. मी आता दिवे नंतर बघते, रंग आधी.

तरी टेस्टर वाईट म्हणवत नाही, कारण माझा निम्मा उपयोग त्याच्या "केबल ठीक आहे" या उत्तराचाच झालाय. एका सोमवारी प्रिंटर निम्म्या लोकांना दिसायचा, निम्म्यांना नाही. पूर्वी अशा वेळी मी प्रत्येक केबल उपटत बसले असते. या वेळी प्रिंटरची आणि एका रुसलेल्या मशीनची, अशा दोनच केबली तपासल्या, दोन्ही पास, विषय संपला. मग त्या मशीनवर आयपीकॉन्फिग चालवलं, म्हणजे मशीनचा नेटवर्कमधला पत्ता दाखवणारी आज्ञा. प्रिंटर १९२.१६८.१ च्या घरात, आणि या मशीनला मिळालेला पत्ता १९२.१६८.० चा. कुणीतरी पोर्ट कमी पडतात म्हणून जुना राउटर कपाटातून काढून स्विचसारखा जोडला होता, आणि तो बिचारा जुन्या सवयीने स्वतःच पत्ते वाटत सुटला होता. ज्याला ज्याचं उत्तर आधी मिळालं तो त्या घरचा. जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलं, सगळी मशीनं परत चालू केली, झालं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला असता तर अर्थ वेगळा होता: पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही म्हणून मशीनने स्वतःच एक घेतलाय. तसं असतं तर मी केबलीकडे आणि स्विचकडे परत आले असते.

आता पहिल्या टेस्टरच्या मरणाबद्दल. आमच्याकडे छतावर एक वायरलेस यंत्र आहे, त्याला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच जाते, २४ व्होल्टच्या इंजेक्टरने. नीट नियमाने चालणारं पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधून वीज देणारी सोय, आधी पलीकडचं यंत्र तशी वीज घेणारं आहे का ते विचारून घेतं आणि मगच वीज सोडतं. हे साधे इंजेक्टर असं काही विचारत नाहीत, सतत वीज सोडून मोकळे. मी ती केबल तशीच टेस्टरमध्ये खोचली. बारीकसा वास आला, आणि चार व पाचचे दिवे कायमचे गेले. डब्यावर कुठेही सावध करणारी ओळ नव्हती, आणि ही माझी या वस्तूबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे. नियम एकच, दोन्ही टोकं यंत्रांतून काढल्याशिवाय केबल टेस्टरला लावायची नाही. चालू स्विचमध्ये एक टोक ठेवून दुसरं टेस्टरला लावलंत तर तसंही काही धड कळत नाही.

बाकी कुरबुरी लहान. बटण इतकं सैल की बॅगेत आपोआप सरकतं आणि बॅटरी उतरते. मी आता बॅटरी काढूनच ठेवते. बॅटरी उतरत आली की दिवे मंद होतात आणि चांगली केबलही संशयास्पद दिसते, तेव्हा निकाल देण्याआधी एखाद्या खात्रीच्या केबलवर डबा तपासून घ्यावा. शेजारी फोनच्या बारीक प्लगसाठी वेगळं छिद्र आहे. तो प्लग चुकून मोठ्या छिद्रात जातो आणि कडेच्या पिना दाबून टाकतो, मुलांच्या हाती देऊ नका. आणि भिंतीतून गेलेल्या, नाव-गाव नसलेल्या डझनभर केबलींतली आपली कुठली हे शोधायला हा डबा फारच गैरसोयीचा. मोठा तुकडा टेबलाशी लावायचा, मग स्विचच्या कपाटापाशी छोटा घेऊन एकेक टोक खोचत बसायचं, दिवे पेटेपर्यंत. शिटी वाजवून केबल शोधून देणारं वेगळं यंत्र मिळतं. केबली खूप असतील तर ते घ्या. मी एका शनिवारी बाराही केबली अशा शोधून दोन्ही टोकांना नंबराच्या चिकटपट्ट्या लावल्या, त्यानंतर तशी गरज पडली नाही.

पाचपैकी साडेतीन देते. अर्धा कागदावरच्या माहितीसाठी कापला, एक त्या सैल बटणासाठी आणि मेलेल्या भावासाठी. घ्यायचा तर ज्याचा छोटा तुकडा घट्ट बसतो असा बघून घ्या. आमच्याकडे तो तीनदा हरवलाय, आणि सुटा मिळत नाही.