ब्रिटन की अमेरिका? दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी निवडीचा हिशेब

मास्टर्ससाठी दोन्हीकडून प्रवेश मिळाला की घरात आधी फीचा हिशेब होतो. ब्रिटनमध्ये बहुतेक अभ्यासक्रम एका वर्षाचे, अमेरिकेत साधारण दोन वर्षांचे, म्हणून ब्रिटन स्वस्त वाटतं. पण लेखनिक, स्क्रीन रीडरवर वाचता येतील अशी पुस्तकं, योग्य खोली हे सगळं मार्गी लागायला दोन महिने गेले, तर ब्रिटनमध्ये वर्षाचा सहावा हिस्सा संपलेला असतो. अमेरिकेत पहिलं सत्र अडखळत गेलं तरी सावरायला वेळ उरतो. म्हणून ब्रिटन निवडलंत तर पत्रव्यवहार प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात सुरू करा.

ब्रिटनमध्ये अर्जातच अपंगत्वाबद्दल विचारतात, तिथे मोकळेपणाने लिहावं. अमेरिकेत प्रवेशाआधी विद्यापीठाला हे विचारता येत नाही. प्रवेश झाल्यावर अपंगत्व सेवा कार्यालयात तुम्हीच जायचं, तुम्हाला शोधत कोणी येणार नाही. आईबाबांनी फोन करूनही काम होत नाही, कारण ते विद्यार्थ्याशीच बोलतात. आपलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि त्यावरची टक्केवारी दोन्हीकडे फारशी उपयोगी नाही. अभ्यासात नेमकी कुठे अडचण येते, हे सांगणारा डॉक्टरांचा इंग्रजी अहवाल लागतो.

कायदा दोन्हीकडे भक्कम आहे: अमेरिकेत १९७३ आणि १९९० चे कायदे, ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा. भारतीय विद्यार्थ्यालाही ते लागू होतात, आणि सोयींचा खर्च विद्यार्थ्याकडून वसूल करता येत नाही. मात्र ब्रिटिश विद्यार्थ्यांना मिळणारा सरकारी दिव्यांग भत्ता आपल्याला मिळत नाही. तो भार विद्यापीठाच्या स्वतःच्या तिजोरीवर येतो, म्हणून आठवड्याला किती तासांची मदत देणार हे आधीच लेखी घ्या.

कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी माझा कौल अमेरिकेला. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ १८६४ पासून त्यांच्यासाठीच उभं आहे. फक्त अमेरिकन सांकेतिक भाषा नव्याने शिकावी लागेल. तिची मुळाक्षरं एका हाताने होतात. ब्रिटिश मुळाक्षरं आपल्यासारखीच दोन हातांची आहेत.

व्हीलचेअर असेल तर देशापेक्षा गाव महत्त्वाचं. लंडनच्या सगळ्या बसना रॅम्प आहे, पण भुयारी रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकी पायऱ्यांशिवाय जाता येईल अशी साधारण एक तृतीयांशच. एडिनबरातले जुने चढ आणि फरसबंदी दमवतात. वॉरिक विद्यापीठासारखा १९६० च्या दशकातला कॅम्पस सोपा पडतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा इतिहास विलक्षण आहे. पोलिओमुळे आयर्न लंग या श्वास देणाऱ्या यंत्रात झोपावं लागणारे एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये तिथे शिकायला आले आणि कॅम्पसच्या रुग्णालयात राहिले. तिथूनच दिव्यांगांच्या स्वतंत्र जगण्याची चळवळ उभी राहिली. तरी कॅम्पस चढावर आहे, हे ध्यानात ठेवा.

आता सर्वांत अवघड भाग. आंघोळ, कपडे, खुर्चीतून पलंगावर जाणं यासाठी रोजचा मदतनीस देण्याचं बंधन अमेरिकेत विद्यापीठावर नाही, आणि ब्रिटनमध्येही त्यावर विसंबून चालणार नाही. शिवाय विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनचे सरकारी अपंगत्व भत्ते मिळत नाहीत, आणि अमेरिकेतली मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजनाही सहसा लागू होत नाही. इथे आई किंवा भाऊ हे काम करतो, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो, म्हणून तो विषयच निघत नाही. तो काढा. फीच्या आधी मदतनिसाचा पगार मांडा.

नियमित उपचार लागत असतील तर मी ब्रिटन निवडेन. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड अधिभार भरल्यावर तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते, जुन्या आजारासाठीही. अमेरिकेत मात्र विमा योजनेचं प्रत्येक पान वाचावं लागतं. खुर्चीची दुरुस्ती त्यात बसते का हेसुद्धा.

खोलीसाठी फोटो नाही, मापं मागवा: दाराची रुंदी, बाथरूममध्ये खुर्ची वळेल इतकी जागा, पलंगाची उंची. आणि विजेवरची खुर्ची असेल तर चार्जर तपासा. ब्रिटनमध्ये नुसता प्लग बदलून भागतं, अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते, म्हणून त्यावर चालणारा चार्जर लागतो.