घरातून इंटरनेट रेडिओ: स्वतःचा सर्व्हर, भाड्याचा की तयार सेवा?

देवगडात, गुहागरात किंवा श्रीवर्धनात बसून इंटरनेट रेडिओ काढायचा असेल, तर आधी एक गोष्ट ठरवा. लाईट गेल्यावर स्टेशन चालू राहायला हवं, की बंद पडलं तरी चालेल? बाकीची निवड बरीचशी यावरूनच होते.

पहिला मार्ग म्हणजे सर्व्हर, म्हणजे श्रोत्यांना आवाज पुरवणारा संगणक, घरातच ठेवायचा. त्यासाठीचा आइसकास्ट हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि महिन्याचं भाडं नाही. अडचण वेगळीकडे आहे. प्रत्येक श्रोत्यासाठी आवाजाचा वेगळा प्रवाह तुमच्या घरातून बाहेर जातो. आवाज ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) ठेवला आणि १०० जण ऐकत असतील तर ६.४ एमबीपीएस अपलोड सतत लागतो, १२८ ठेवलात तर दुप्पट. फायबरवर तेवढा मिळेलही. पण घरगुती जोडणीत अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो, त्याला सीजीनॅट म्हणतात. तसं असेल तर राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरचा श्रोता तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता, मिळतो का आणि कितीला, हे इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याला आधीच विचारा.

आणि लाईट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. ते टोकाचं झालं, पण फांदी पडून तार तुटणं पावसाळ्यात नेहमीचंच आहे. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर तग धरतील. केबलवाल्याच्या बाजूची बॅटरी उतरली की मात्र तुमच्या हातात काही राहत नाही. म्हणून शिकण्यासाठी आणि वाडीतल्या चार घरांना ऐकवण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. रोज ऐकणाऱ्यांसाठी मी तो सुचवणार नाही.

दुसरा मार्ग: सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्यावर अझुराकास्ट हा अख्खं स्टेशन सांभाळणारा प्रोग्रॅम बसवायचा. तोही मोफत आहे. सर्व्हरला २ जीबी रॅम तरी हवी, आणि असा सर्व्हर महिन्याला साधारण ५०० ते १,००० रुपयांत मिळतो. कार्यक्रम तिथे चढवून वेळापत्रक लावलं की त्यातला ऑटोडीजे ते आपोआप वाजवत राहतो. तुम्ही बट (BUTT) किंवा मिक्स (Mixxx) या मोफत प्रोग्रॅममधून थेट बोलायला लागलात की तो बाजूला होतो आणि तुमची जोडणी तुटली की पुन्हा सुरू होतो. सावंतवाडीत लाईट गेली तरी लालबागेतल्या चाकरमान्याच्या कानात भजन चालूच राहतं. घरातून एकच प्रवाह वर जात असल्यामुळे मोबाईलच्या हॉटस्पॉटवरूनही काम भागतं. डेटाचा हिशेबही सोपा आहे: ६४ केबीपीएसला एक श्रोता तासाला सुमारे २९ एमबी घेतो, म्हणजे सर्व्हरला महिन्याला १ टीबी डेटाची मर्यादा असेल तर त्यात दिवसरात्र सरासरी ४८ श्रोते बसतात. मात्र असा सर्व्हर लिनक्सवर चालतो, त्याच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला न घाबरणारं कुणीतरी सोबत हवं. अपडेट आणि बॅकअप तुमच्याच गळ्यात पडतात.

असं कुणी नसेल तर तिसरा मार्ग, तयार सेवा. खातं उघडा, फाइली चढवा, लिंक वाटा. झेनो एफएमसारखी सेवा फुकट सुरू करू देते आणि त्या बदल्यात जाहिराती घालते. हरिपाठ संपतो न संपतो तोच कुठलीतरी जाहिरात वाजलेली तुमच्या श्रोत्यांना चालेल का, हे तुम्हीच ठरवा. मला चालणार नाही. पैसे भरून घ्यायच्या सेवा बहुधा डॉलरमध्ये आकारतात आणि श्रोत्यांची संख्या किंवा जागा वाढली की दर वाढतो. तरीही एकट्या शिक्षकाने किंवा गृहिणीने सुरुवात इथूनच करावी. नंतर सर्व्हरवर जाता येतं, फक्त मूळ रेकॉर्डिंग स्वतःकडे जपून ठेवा आणि शक्य तर लिंक स्वतःच्या डोमेनवरून (स्वतःच्या नावाच्या वेबपत्त्यावरून) द्या, म्हणजे सेवा बदलली तरी लिंक तीच राहते.

यूट्यूब लाइव्हचं नाव बरेच जण काढतात. त्यात डेटा कित्येक पट जातो आणि पैसे न भरणाऱ्याच्या फोनचा पडदा बंद झाला की आवाजही थांबतो. काजू फोडता फोडता ऐकणाऱ्या बाईच्या ते उपयोगाचं नाही. एफएमवरचा सामुदायिक रेडिओ ही वेगळी वाट आहे: २००६ च्या धोरणात तो ना-नफा संस्थांना खुला झाला, पण एकट्या माणसाला परवाना मिळत नाही.

सर्व्हरवर वाचलेले पैसे माइक आणि खोलीवर घाला. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना कंडेन्सर माइक सगळा पाऊस, बेडूक, रातकिडे टिपतो. तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक माइक आवाज वेगळा काढतो आणि दमटपणाही जास्त सोसतो. चिऱ्याच्या भिंतींचं माजघर असेल तर तेच घ्या, समोरच्या भिंतीवर गोधड्या टांगा. माइक सिलिका जेलसकट बंद डब्यात ठेवा. फोनवरून श्रोते घेणार असाल तर त्यांना घरचा रेडिओ बंद करायला सांगा, कारण थेट प्रसारण १० ते ३० सेकंद मागून पोचतं.

आता गाण्यांचं. तिन्ही मार्गांत कायदा एकच. एफएम स्टेशनांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड खाली ठरलेल्या दराने गाणी वाजवता येतात. ती सोय इंटरनेटवरच्या प्रसारणाला नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. म्हणजे चित्रपटगीतं वाजवायची तर रेकॉर्डिंगच्या मालकाकडून आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून परवानगी घ्यावी लागते. घरगुती स्टेशनला हे जड जातं, म्हणूनच माझा कल पूर्णपणे आपल्याच रेकॉर्डिंगकडे आहे: डबलबारी, जाखडी, दशावतार, संगमेश्वरी बोलीतल्या गोष्टी, रापणकरांशी (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी) गप्पा. पारंपरिक अभंग कुणाच्या मालकीचा नसला तरी तो गाणाऱ्या बुवांचा त्या सादरीकरणावर हक्क असतो. रेकॉर्डिंगच्या दिवशीच साध्या मराठीत एक पानाची संमती लिहून घ्या: काय रेकॉर्ड केलं, कुठे वाजवणार, पुन्हा वाजवलं तर चालेल का, जाहिरातीचे पैसे आले तर वाटा किती. बुवांसोबत पखवाजवाल्याची आणि कोरसमधल्या प्रत्येकाचीही सही घ्या.