‘ताई, एक शून्य जास्त पडलं’

मे महिन्यात आमच्यासारख्यांचं छपाईचं काम पहाटेच उरकावं लागतं. मी लिनोकट करते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटं कोरायचं, रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून मागून चमच्याने घासायचं आणि छाप उचलायचा. पुण्यात पारा चाळिशीला टेकला की पाण्यातली शाई काचेवर पसरता पसरताच चिकटायला लागते. पंखा लावला तर ती आणखी लवकर वाळते आणि कागद घरभर उडतात. कूलर लावला तर हातकागद दमट होऊन फुगतो. म्हणून उजाडायच्या आत काच मांडायची आणि गच्चीवर ऊन यायच्या आत आवरायचं. उन्हाळ्याचा फायदा एकच. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवलं की लोण्यासारखं कापलं जातं, त्यामुळे कोरकाम दुपारी करायचं.

हे एवढं सांगितलं, कारण ज्या माणसाने मला गंडवलं त्याला हे सगळं माहीत होतं. मीच गप्पांच्या ओघात सांगितलं होतं. त्याने विचारलंही होतं तितक्याच आपुलकीने.

मे महिना मुंजी-लग्नांचा आणि वास्तुशांतींचा. प्रदर्शनं या दिवसांत फारशी नसतात, गिऱ्हाईक गावी गेलेलं असतं. राखीला आणि दिवाळीला अजून अवकाश. तेव्हा कुणी पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तूंची मोठी ऑर्डर दिली, तर त्यावर महिन्याचा खर्च निघतो. असाच एक फोन आला. नवीन फ्लॅटची वास्तुशांत आहे, साठ नग हवेत, तुमचा बहाव्याचा प्रिंट फार आवडला. मराठी अगदी घरातलं. हिंदीत फोन आला की हल्ली आपण कान टवकारतो. इथे तशी वेळच आली नाही. ‘खाली पेन्सिलने सही असते ना तुमची? आणि नंबर?’ असं विचारणारा माणूस फसवणारा वाटत नाही. प्रिंटच्या खाली १/६०, २/६० असे आकडे घालतात, हे माहीत असणारं गिऱ्हाईक आम्हाला वर्षातून एखादंच भेटतं.

नगाला १८० रुपये, साठ नगांचे १०,८००, निम्मे आगाऊ. ‘ठीक आहे ताई,’ म्हणाला. दरावर एका शब्दाने घासाघीस नाही. साठ नग घेणारा मराठी माणूस ‘पन्नासाच्या वर काही कमी होईल का?’ असं न विचारता हो म्हणतो, ही खरं तर बातमी आहे. ही खूण लक्षात ठेवा.

मग म्हणाला, पैसे आमच्या ऑफिसच्या खात्यातून येतील, अकाउंटंट यूपीआय करत नाही, खाते क्रमांक आणि आयएफएससी पाठवा. पाठवले. त्यात वावगं काही नाही, बिलावर आपण तेच छापतो. पण डावाचा पाया इथे रचला गेला. पुढे जो मेसेज आला, त्यात माझ्या खात्याचे शेवटचे आकडे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी दुसऱ्याच एका कामाची छपाई चालू होती. दोन रंगांचा प्रिंट: आधी पिवळा, तो वाळला की त्यावर गडद हिरवा. हिरवा चढवताना कागद खुणेला अचूक बसवावा लागतो, केसभर सरकला तरी पान वाया. दोन्ही हात मनगटापर्यंत शाईत, काचेवर शाई ताणलेली. तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर मेसेज: खात्यात ५४,००० रुपये जमा. पाठोपाठ फोन. शाईच्या बोटानेच स्पीकर लावला.

‘ताई, घोळ झाला. पाच हजार चारशेच्या जागी चोपन्न हजार गेले. एक शून्य जास्त पडलं.’ आवाज घाबरलेला. मग त्याने ‘अकाउंटंट’ला लाइनवर घेतलं. कोवळ्या आवाजाचा मुलगा. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, बँकेतून परत मागवायला आठ दिवस लागतील, आज मजुरांचे पगार करायचे आहेत, म्हणत अक्षरशः रडत होता. ‘तुमचे ५,४०० ठेवून घ्या आणि ४८,६०० या नंबरवर टाका.’ मी म्हटलं, नऊनंतर करते, हात भरलेत. त्यावर तो पहिला माणूस म्हणाला, ‘ताई, तुमची शाई वाळेल हे मला कळतंय हो, पण दोन मिनिटांचंच काम आहे.’

कुणाच्या नोकरीचा प्रश्न असताना आपण रोलर फिरवत बसायचं, हे कुणालाच बरं वाटणार नाही. नेमकं तेच त्यांना हवं असतं.

हात पुसून मी २०,००० रुपये पाठवले. पाठवताना वर नाव दिसलं ते एका बाईचं. विचारलं तर ‘आमच्या कॅशियर मॅडम’. उरलेले २८,६०० पाठवायला गेले आणि ॲपने सांगितलं, शिल्लक अपुरी.

खात्यात आधीचे माझे सव्वीस हजारांच्या आसपास होते. वर चोपन्न हजार आले असते, तर अठ्ठावीस हजारांना शिल्लक कमी पडायचं कारण काय? मी शिल्लक उघडून पाहिली. सहा हजार आणि काही रुपये. जमा काहीच नाही. फोनवर अजून ‘सर्व्हर डाउन असेल ताई, दुसऱ्या खात्यातून बघा, मिस्टरांच्या खात्यातून बघा’ चालूच होतं. मी म्हटलं, बँकेत जाऊन बघते. फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना.

तो ‘बँकेचा’ मेसेज मग नीट पाहिला. दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून आलेला. बँकेचे मेसेज अशा नंबरवरून येत नाहीत. तिथे अक्षरांचं नाव असतं आणि हल्ली त्याच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक इंग्रजी अक्षरही असतं. माझी बँक जमा झाल्याचं कळवताना उरलेली शिल्लकही देते, यात ती नव्हती. मजकुराची ठेवण मात्र हुबेहूब. पडद्यावर झळकणाऱ्या दोन ओळींत फरक कळूच नये, अशी.

ताबडतोब १९३० लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक. अशा प्रकारात पहिला तास-दोन तास महत्त्वाचे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जात असतात आणि जिथे सापडतील तिथे गोठवायचे असतात. फोन लगेच लागेलच असं नाही, तेव्हा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार टाकता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, ज्या नंबरवर पैसे गेले तो नंबर आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. रागाच्या भरात संभाषण डिलीट करू नका. आणि बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक गूगलवर शोधू नका. तिथेही हीच मंडळी दुकान मांडून बसलेली असतात. तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो.

बँकेत साहेब सौजन्याने बोलले, पण मुद्दा एकच: पिन तुम्ही स्वतः टाकलाय. रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक त्यांनी दाखवलं. खातेदाराच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. समोरून कुणी बनावट मेसेज पाठवून रडून दाखवतो, त्याला हलगर्जीपणा का म्हणायचं, हे मला अजून पटलेलं नाही. पण त्या कागदावर तसं होतं, तेव्हा कळवायला उशीर करू नका आणि कळवल्याची लेखी पोच घ्या.

सायबर पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली. फसवणुकीची कलमं लागली: भारतीय न्याय संहितेचं ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. वीस हजारांतले साडेसात हजार कुठल्याशा तिसऱ्या खात्यात सापडले आणि गोठवले गेले. ते परत मिळावेत म्हणून अर्ज केलाय. बाकीचे एटीएममधून काढले गेले होते.

पोलीस ठाण्यात बाकावर बसले असताना एका कापडी पिशव्या शिवणाऱ्या बाईंकडून आणखी वाईट प्रकार कळला. त्यांच्या खात्यात जास्तीचे पैसे खरोखर आले होते. त्यांनी प्रामाणिकपणे फरक परत केला, दिलेल्या दुसऱ्याच नंबरवर. पुढे कळलं की आलेली रक्कम तिसऱ्याच कुणाची तरी लुबाडलेली होती. त्या माणसाने तक्रार केली आणि बाईंचं खातं गोठलं. भेटल्या तेव्हा शिवणाऱ्या बायकांची मजुरी त्या उसनवारी करून भागवत होत्या. तेव्हा चुकून पैसे आले असं कुणी म्हणालं आणि ते खरोखर आलेले दिसले, तरी आपल्या हाताने दुसरीकडे वळते करू नका. बँकेला लेखी कळवा, जिथून आले तिथे बँकच परत पाठवेल. खरा माणूस आठ दिवस थांबतो.

यूपीआयवर दुसऱ्या व्यक्तीकडून पैसे मागण्याची ‘कलेक्ट’ विनंती १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली. ती सोय वापरून लोकांना बरंच लुबाडलं जायचं. पण माझ्या बाबतीत कुणी मागणी पाठवलीच नव्हती, त्यामुळे त्या बंदीचा इथे उपयोग शून्य. ‘पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ हा प्रकारही जिवंत आहे. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन.

आता सकाळी छपाई चालू असताना मोबाइल आतल्या खोलीत असतो. आगाऊ रक्कम बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात दिसली तरच कागद कापते. मेसेज कितीही सुबक असो, तो धरत नाही. दोन जुन्या गिऱ्हाइकांना हे जरा लागलं, ‘आमच्यावरही विश्वास नाही का?’ म्हणाले. किस्सा सांगितल्यावर एकीने तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

गेल्या आठवड्यात नाशिकला मातीची भांडी करणाऱ्या ओळखीच्या मुलीला असाच फोन आला. या वेळी सासऱ्यांची पंच्याहत्तरी, पण नग साठच, दरावर घासाघीस नाही आणि ‘अकाउंटंट यूपीआय करत नाही’. भट्टी कधी लावता, हेही त्याने विचारून ठेवलं होतं. मेसेज नेमका भट्टी लावायच्या वेळी आला, ८१,०००चा. ती म्हणाली, ‘पासबुक भरून आणते, मग बोलू.’ त्यावर त्याने तिला शिवी दिली आणि फोन ठेवला.