सीबीटी करणारी थेरपिस्ट की मुरलेले समुपदेशक?

एका मैत्रिणीपुढे पेच आहे: ठरलेल्या टप्प्यांनी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) करणारी तरुण थेरपिस्ट, की मोकळ्या संवादातून काम करणारे, आयुष्य पाहिलेले समुपदेशक?

वेळ आणि खर्च: सीबीटी साधारण १२ ते २० सत्रांत आटोपते, त्यामुळे अंदाज बांधता येतो. मोकळ्या समुपदेशनाचा शेवट आधी सांगणं कठीण.

भरवसा: इथे जरा थांबायला हवं. पिकलेले केस म्हणजे शहाणपण नव्हे. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि सहकाऱ्यांनी शहाणपणाच्या ५ कसोट्या मांडल्या. त्यांत अनिश्चितता ओळखणं आणि मूल्यं माणसागणिक बदलतात हे जाणणंही येतं. पहिल्याच भेटीत सल्ला ठोकणारा त्यात बसत नाही, मग त्याची पाटी कितीही जुनी असो. उलट तंत्र कधी बाजूला ठेवायचं, हे एखाद्या तरुण थेरपिस्टलाही नेमकं कळतं.

मेहनत: सीबीटीत गृहपाठ असतो. तो टाळणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

पॅनिक अटॅक, ओसीडी (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी त्याच त्या कृती करत राहणं) किंवा एखादी ठरावीक भीती असेल तर सीबीटीच. घटस्फोट घ्यावा का, आईवडिलांची जबाबदारी कुठवर, अशा एकच बरोबर उत्तर नसलेल्या प्रश्नांसाठी मुरलेले समुपदेशक बरे. फक्त ते बोलण्यापेक्षा ऐकतात जास्त, एवढं पाहून घ्यावं.