कांजिण्या आणि आमच्या कॅम्पसचं आरोग्य केंद्र

पाठीवर पहिला फोड दिसला तेव्हा सबमिशनला चार दिवस होते. घाबरतच कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर मॅडमनी बघताक्षणी कांजिण्या ओळखल्या आणि तिथेच अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू केलं. मोठ्या वयात पुरळ उठल्यापासून 24 तासांत ते घेतलं तर जास्त उपयोग होतो, हे नीट समजावलं. तापाला पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही.

पुरळ उठायच्या 1-2 दिवस आधीपासूनच लागण पसरते, म्हणून माझ्या दोन्ही रूममेटना त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. एकीने लस घेतलेली नव्हती. तिला दुसऱ्याच दिवशी दिली. आमच्या मजल्यावर झाडायला येणाऱ्या ताई गरोदर आहेत. त्यांना पूर्वी कांजिण्या झाल्या होत्या का, हे मॅडमनी स्वतः जाऊन विचारलं आणि त्यांचं काम दुसऱ्या इमारतीत लावून दिलं. माझ्या हे डोक्यातही आलं नसतं.

मला ठेवलं ती वेगळी खोली स्वच्छ होती. मेसच्या मावशी मऊ भात आणि वरण दाराशी ठेवून "खाजवू नकोस गं बाळा" म्हणायच्या. आईने कडुलिंबाचा पाला पाठवला; मॅडम म्हणाल्या, ठेव उशाशी, पण औषध चुकवू नकोस.

तक्रार एकच, पण मोठी: रात्री नऊनंतर केंद्र बंद. दुसऱ्या रात्री ताप चढला तेव्हा वॉर्डनना उठवावं लागलं. साथीच्या दिवसांत रात्री एक नर्स तरी हवीच.

सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या, तेव्हा आठव्या दिवशी मला सोडलं.